पोटावरची ठरलेली जागा

सकाळचे सात. नांदेड, स्टेडियमच्या मागच्या गेटसमोरची चहाची टपरी. बाकड्यावर आम्ही चौघं. चौघंही इन्सुलिनवाले, चौघांचाही चहा बिनसाखरेचा.

बातमीदारीत माझी हयात गेली, पण या बाकड्यावर जेवढे किस्से गोळा झाले तेवढे कुठल्याच पत्रकार परिषदेत मिळाले नाहीत. साखरवाले एकमेकांपासून काही लपवत नाहीत. इथं तब्येत कशी आहे असं कुणी विचारत नाही, आज कुठं टोचलं असं विचारतात.

*

पहिले देशपांडे सर. बिलोलीच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. इन्सुलिन रोज एकाच जागी टोचू नये, दोन टोच्यांत बोटभर अंतर ठेवावं, हे त्यांना कुणीतरी सांगितलं. सरांनी ते फारच मनावर घेतलं. टोचलं की तिथं स्केचपेनचा ठिपका. आठवड्याला रंग वेगळा.

एका सोमवारी सर सोवळं नेसून, उघड्या अंगानं अभिषेकाला गेले. मागची रांग हळूहळू लांब सरकली. पुजाऱ्यानं गाभाऱ्यातूनच हात केला. "सर, कांजण्या बऱ्या झाल्या की या."

सरांनी सगळा हिशोब समजावून सांगितला. पुजाऱ्यानं तांब्या खाली ठेवला, सरांना कोपऱ्यात नेलं आणि उपरणं बाजूला करून स्वतःचं पोट दाखवलं. "माझं बघा बरं. मी तर एकाच जागी टोचून राहिलो."

*

अक्का मूळच्या चाकूरच्या, आता मुलाकडं नांदेडात राहतात. त्या कायम डावीकडंच टोचायच्या. दवाखान्यातल्या सिस्टरनं विचारलं, उजवीकडं का नाही? अक्का म्हणाल्या, "उजवीकडून पदर जातो बाई. चार माणसांत त्यो सोडू का?"

सिस्टरनं माहितीचा कागद पुढं केला. त्यावर माणसाचं चित्र आणि पोटावर, मांड्यांवर चौकोन. अक्कांनी निरखून पाहिलं. "ह्यो गडी उघडाच हाय. त्याला काय, कुठंबी टोचल."

तो कागद मी मागून घेतला. तो छापणाऱ्या कार्यालयात फोन करून विचारलं, साडीतली बाई तुमच्या चित्रकाराला कधी दिसली नाही का? ते म्हणाले, सूचना नोंदवून घेतो. तोवर अक्कांनीच तोड काढली. सकाळी अंघोळ झाली की साडी नेसायच्या आधी उजवीकडं, संध्याकाळी डावीकडं.

*

लातूरला एका हॉटेलात मधुमेहावर मोठा कार्यक्रम होता. पडद्यावर पोटाचे रंगीत नकाशे दाखवले. एकाच जागी टोचत राहिलं की कातडीखाली गाठ धरते, आणि गाठीत टोचलेलं इन्सुलिन नीट लागू पडत नाही, हे मला तिथं नीट कळलं. शेवटी प्रश्न मागवले. मी उभा राहिलो. "समोर बसलेल्या डॉक्टरांपैकी किती जण पेशंटच्या पोटाला हात लावून गाठ बघतात?"

निवेदिका म्हणाली, वेळेअभावी आपण जेवणाकडं वळू या.

जेवणात गुलाबजाम होते.

*

आता आमचे चौथे, माधवराव. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. हदगावजवळ त्यांचं थोडं शेत आहे, तिथं ते रोज मोटरसायकलनं जात. बेंबीच्या उजव्या अंगाला त्यांची एक ठरलेली जागा होती. तिथं दुखत नाही, कातडी सरावली आहे, असं ते कौतुकानं सांगत. त्या जागी लिंबाएवढा उंचवटा आला होता. आम्हाला हात लावून बघायला लावत.

साखर मात्र उतरत नव्हती. डॉक्टर दर वेळी रिपोर्ट बघत आणि डोस वाढवत. माधवरावांना धूसर दिसायला लागलं. डोळे असेच राहिले तर मोटरसायकलची चावी काढून घेईन, असं मुलानं बजावलं होतं. शेतावर जाता आलं नाही तर घरात बसून करू काय, एवढीच त्यांना काळजी.

देशपांडे सरांनी त्यांना त्यांच्याच भाषेत समजावलं. "माधवराव, एकाच वावरात दरसाल कापूस घेता का? पीक बदलता ना? मग टोचायची जागा कामून बदलत न्हाई?"

माधवराव म्हणाले, "वावराला दुखतं का सर?"

*

आमचं ऐकलं नाही, पण मधुमेहाच्या शिबिराचं ऐकलं. हदगावात मंडप, बॅनर, माईक. वक्त्यानं पोटाचे चार भाग करून दाखवले आणि सगळ्यांकडून वदवून घेतलं, "उद्यापासून जागा बदलणार." माधवरावही हात वर करून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कोऱ्या जागी, डावीकडं टोचलं. डोस नेहमीचाच, वाढत वाढत गेलेला. भाकरी खाल्ली आणि मोटरसायकल काढली. रस्त्यात दरदरून घाम आला, हात थरथरायला लागले. कशीबशी गाडी थांबवून ते बसथांब्यावर टेकले. बोलणं अडखळायला लागलं. सकाळीच घेतलेली दिसते, असं म्हणून लोक लांबून बघत राहिले.

तेवढ्यात एसटी आली. कंडक्टरनं खाली वाकून बघितलं आणि त्यांना ओळखलं. "आरं, हे आपले माधवराव हायत. हे दारूला शिवत न्हाईत. साखर उतरली आसंल." त्यानं समोरच्या रसवंतीतून उसाचा रस आणवला आणि घोट घोट पाजला. तेवढी शुद्ध शिल्लक होती म्हणून वाचले.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी आधी पोट दाबून पाहिलं. त्यांनी सांगितलं ते असं. आजवरचं इन्सुलिन गाठीत पुरतं लागू पडत नव्हतं, म्हणून डोस वाढत गेला. तोच डोस चांगल्या कातडीत गेला, सगळाच्या सगळा लागू पडला आणि साखर एकदम खाली गेली. गाठीवरून जागा बदलताना डॉक्टरांना विचारून डोस आधी कमी करायचा असतो आणि साखर वरचेवर तपासायची असते.

माधवरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे बाई, मी ऐकलं म्हणून पडलो?"

बाईंनी जुन्या कागदावरचा डोस खोडला आणि कमी करून लिहिला.

मी शिबिरवाल्यांना गाठलं. ते म्हणाले, डोस हा डॉक्टरांचा विषय. मग डोस वाढवणाऱ्या डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, पेशंटनं जागा बदलली हे मला कुणी कळवलं नाही. मी विचारलं, डोस इतक्या वेळा वाढवलात, त्यात एकदा तरी त्यांना सदरा वर करायला सांगितलं होतं का?

ते म्हणाले, ओपीडी सुरू आहे, नंतर फोन करा.

त्यानंतर मी बऱ्याचदा फोन केला. रिंग पूर्ण वाजते.