गुपचूप

हळूच आणि गुपचूप यांतला फरक मला बाबांनी शिकवला. हळूच जातो तो कुणाची झोप मोडू नये म्हणून. गुपचूप जातो तो कुणाला कळू नये म्हणून. आणि गुपचूप जाणाऱ्याच्या पोटात भीती असते.

बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन सोमवारी ठरलं होतं, गोव्याला. संमतीचा कागद टेबलावर पडून. सही मात्र करेनात. "बघूया गो," एवढंच. आणि रोज दुपारी मी मागच्या पडवीत भांडी घासायला बसले की हे गुपचूप पसार! चपला हातात घेऊन, अंगण ओलांडल्यावर पायांत घालायच्या. सत्तरीचा माणूस, तोही हृदयरोगी! माझा जीव नुसता टांगणीला.

"खंय गेलेलात?"

"खंय नाय. हयसरच."

शेवटी शेजारणीने सांगितलं, बाबा देवळात गुरवाकडून कळे लावून घेतात. मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, उजवी पडली की देवाचा होकार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ऑपरेशन करायचं की नाही हे आता पाकळी ठरवणार?

शनिवारी मीही मागोमाग निघाले, तशीच, चपला हातात घेऊन. देवळात खांबाआड उभी राहिले. म्हटलं, आज दोघांनाही फैलावर घेते.

गुरव गाऱ्हाणं घालत होता. मागच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं, पण भर दुपारी देवळात मागे होतं कोण? बाबा स्वतःच ते पुटपुटत होते. गुरव म्हणत होता,

"बा देवा म्हाराजा, ऑपरेशनाक तो जातलोच. पण काय उणाअधिक झाला, तर ह्येच्या चेडवाक आवस नाय, भाव नाय. ता एकट्यान रवात मां? तेवढा सांग, म्हंजे तो सही करता. आठ दिस इचारता हा."

पाकळी ढिम्म. ते चेडू म्हणजे मी; मी एकटी राहीन ना, एवढंच बाबा विचारत होते. कसला राग नि कसलं काय, मला रडूच फुटलं. मेलं, मी आठ दिवस यांच्यावर चिडत होते.

गुरवाने पुन्हा विचारलं. पाकळी हलेना.

"व्हय म्हाराजा!" मी खांबाआडून ओरडले.

बाबा दचकून वळले. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे.

"अगो, देवळात चपला घेवन इलंस?"

घरी आल्यावर त्यांनी पेन मागितलं.