संगं जेवायला माणूस

आत्या एकटी जेवत नसे. अकोल्याच्या वेशीबाहेर आमचा वांग्या-मेथीचा मळा होता. तिथं विहिरीपाशी भाकरीचं फडकं सोडण्याआधी ती रस्त्याकडं पाही. गुराखी, वाटसरू, कुणीही दिसला की हाक ठरलेली, "ये रे बाप्पा, बस. एकटीनं खाल्लं का घास नुसता तोंडात फिरते." वीस वर्षांचं विधवापण तिनं असं माणसं बसवून काढलं.

त्यातच तेल्हाऱ्याचा गणबा गाडीवान बसू लागला. त्याचीही बायको कधीच गेलेली. कापसाची गाडी अमरावतीला नेताना बैलांना पाणी पाजायला तो थांबे. आत्या पन्नाशीची, तो साठीकडं झुकलेला. तो तिच्या ठेच्याला नावं ठेवी, ती त्याच्या बैलांना. पुढं पुढं त्याची गाडी दिसेपर्यंत फडकं सुटेनासं झालं.

एके दिवशी तिनं माझ्या वडिलांना, म्हणजे आपल्या सख्ख्या भावाला, सरळ सांगितलं, "दादा, गणबा पाट लावाले तयार हाय."

आमच्यात विधवेनं पाट लावून पुन्हा संसार मांडणं नवं नव्हतं. पण समुद्रापलीकडं कुठंशी लढाई जुंपली, आमच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला आणि बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या. शेंब्यांबरोबर अब्रूही चढली. वडील कडाडले, "आता आपन मोठ्या घरचे! या वयात थेरं करतं? लोक शेन घालतीन तोंडात."

"आपली माय पाटाचीच होती ना रे?" आत्या म्हणाली. वडील ओसरीवरून उठून गेले.

आणि त्याच वैशाखात साठ ओलांडलेल्या माझ्या या वडिलांनी पातूरहून माझ्या बायकोपेक्षा लहान मुलगी लग्न करून आणली! आई जाऊन वर्ष व्हायचं होतं. कारण काय, तर जेवायला वाढणारं कुणी पाहिजे. माझी बायको दोन्ही वेळा वाढत होती, ती काय माती? वरातीपुढं उभी राहून आत्यानं विचारलं, "तुले वाढाले बाई पायजे, मले संगं जेवाले मानूस पायजे. कोनाचं मागनं मोठं, सांग!"

वरात तिला वळसा घालून पुढं गेली. तिच्यात मीही होतो. वर वडिलांनी फर्मावलं तसा तेल्हाऱ्याला जाऊन 'मळ्यावर थांबू नको' असं गणबाला मीच बजावून आलो. तीस वर्षांचा बाप्या होतो मी. लाज वाटायला हवी होती. गणबानं एवढंच विचारलं, "तिले इचारलं का?"

मग आत्याला मळ्यातून घरी आणून ठेवलं. सगळ्यांची पंगत उठली की माजघराच्या कोपऱ्यात तिचं एक ताट. ते तसंच परत येई. ती बोलेनाशी झाली, भिंतीकडं पाहत बसे. वडिलांनी भगत आणला, लिंबं उतरवली. हिला भूत लागलं म्हणे. भूत ओसरीवर बसून नव्या बायकोकडून पाय चेपून घेत होतं, ते त्या भगताला दिसलं नाही.

पुढच्या पेरणीआधी आत्या गेली.

आज मीही साठीचा आहे. बायको दिवाळीत गेली. परवा जेवताना थोरला म्हणाला, "बाबा, बाळापूरले एक पोरगी पायली. तुमाले वाढाले कोनी तं पायजे."

माजघराच्या त्याच कोपऱ्यात माझी धाकटी बहीण एकटी जेवत होती. नवरा जाऊन तिला बारा वर्षं झालीत. मी ताट भिरकावलं आणि तिच्याकडं बोट करून ओरडलो, "हिले इचारलं का?"

"आत्याले? काहून?" थोरला म्हणाला. त्याला खरोखरच कळलं नव्हतं.