रूबेनभाऊंचा नंबर

किस्से केळीच्या पिलांसारखे असतात. एक कापून टाकावं, तर चार दिवसांनी बुंध्याशी दोन उभी! कचेरीत लिपिक होतो तेव्हा मला वाटायचं, हे पीक फक्त सरकारी खात्यातच येतं. निवृत्त झालो, जळगावातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या बुधवारच्या प्रार्थनेला नेमाने जायला लागलो आणि कळलं, की खातं कोणतंही असो, माणसं गोल बसली की पीक येतंच.

ही प्रार्थना चर्चमध्ये नसते. दर बुधवारी कुणाच्या तरी घरी असते. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडायच्या, दोन गाणी म्हणायची, थोडा शास्त्रपाठ, मग प्रार्थना आणि शेवटी चहा. पूर्वी सगळ्यांच्या वतीने थोरात गुरुजी प्रार्थना करायचे आणि आम्ही ऐकायचो. आमची सोय होती. देवाचीही असावी, त्याला एकच आवाज ओळखावा लागे.

मग चर्चचे नवे पाळकसाहेब आले. तरुण, सडसडीत, ईश्वरविज्ञानाची मोठी पदवी घेतलेले. पहिल्याच बुधवारी म्हणाले, "विश्वास म्हणजे रविवारी इस्त्री करून घालायचा शर्ट नव्हे. रोजच्या वापरात हवा. इथून पुढे प्रत्येकाने आपल्या शब्दांत, मोठ्याने प्रार्थना करायची. नंबराने!"

"आम्ही मनात करतो की," मार्थाबाई म्हणाल्या. या निवृत्त नर्स. इंजेक्शन देणं सोडलं असलं, तरी टोचण्याचा सराव ठेवलेला.

"जेवणही मनातच करता का?" पाळकसाहेब म्हणाले.

मार्थाबाईंनी गाण्याचं पुस्तक उघडून त्यात डोकं घातलं. आमच्या मंडळीच्या इतिहासात हे प्रथमच घडत होतं.

*

पहिला नंबर अर्थातच गुरुजींचा. त्यांची प्रार्थना जगाच्या निर्मितीपासून सुरू होते. आदाम, नोहा, अब्राहाम असे सगळे मुक्काम घेत ती जळगावला पोचते, तोवर ऐकणाऱ्याच्या पायाला मुंग्या आलेल्या असतात.

आमच्यात एक शिस्त आहे. प्रार्थना सुरू झाली, की आमेन होईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत, बोलायचं नाही, जागचं हलायचं नाही. ही शिस्त गुरुजींनीच संडे स्कूलमध्ये आमच्या दोन पिढ्यांना लावली, तीही पट्टीने.

त्या बुधवारी प्रार्थना मार्थाबाईंकडे होती आणि त्या कुकर गॅसवर ठेवून आल्या होत्या. गुरुजी मिसर देशात, म्हणजे इजिप्तात पोचले आणि पहिली शिट्टी झाली. देवाने तिथं पाठवलेल्या दहा पीडा मोजेपर्यंत आणखी काही झाल्या. डाळ करपल्याचा वास बाहेरच्या खोलीत आला, तरी सगळ्यांचे डोळे मिटलेलेच.

शेवटी मार्थाबाईंचा आवाज आला, "गुरुजी, इस्राएल लोकांना जरा तांबड्या समुद्रापाशी थांबवा. गॅस बंद करून येते!"

गुरुजी डोळे न उघडता म्हणाले, "थांबलेत. या जाऊन."

*

पुढच्या बुधवारी माझा नंबर. मी आयुष्यभर पुष्कळ वाचलं, पण स्वतःचं म्हणून लिहिलं ते सगळं कार्यालयीन. मी डोळे मिटले, घसा साफ केला आणि तोंडातून निघालं, "हे स्वर्गीय पित्या, सविनय सादर करण्यात येते की, मंडळीतील आजारी व्यक्तींबाबत आपल्या स्तरावरून योग्य ती कार्यवाही व्हावी..."

खुर्च्या हलायला लागल्या. हसू दाबताना प्लॅस्टिकची खुर्ची फार आवाज करते. मी तसाच रेटून शेवटापर्यंत गेलो.

चहाच्या वेळी मार्थाबाई म्हणाल्या, "भाऊ, प्रार्थना चांगली झाली. फक्त जावक क्रमांक राहिला!"

*

मार्थाबाईंची स्वतःची प्रार्थना मात्र आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्यांसारखी.

"हे प्रभू, तुला माहीतच आहे, की आमच्या कोपऱ्यावरच्या घरातली सून असोद्याला माहेरी गेली ती अजून आलेली नाही. का गेली तेही तुला माहीत आहे. सासूचा स्वभाव तर तू पाहतोसच..."

देवाला माहीत होतं. आम्हाला नव्हतं! सगळी मंडळी इतक्या एकाग्रतेने प्रार्थना करताना मी कधी पाहिली नव्हती. आमेन झाल्याबरोबर कुणीतरी विचारलंच, "मग घ्यायला गेलं का कोणी?"

पाळकसाहेब अवघडले. म्हणाले, "बाई, दुसऱ्याच्या घरच्या गोष्टी अशा चारचौघांत..."

"मी चारचौघांना कुठं सांगितलं?" मार्थाबाई म्हणाल्या. "मी देवाशी बोलत होते. तुम्ही कशाला ऐकत होता?"

*

सगळ्यांचे नंबर होत गेले. एकाचा होईना. रूबेनभाऊंचा.

रूबेनभाऊ मूळचे शिंदखेड्याचे. एसटीत ड्रायव्हर होते, जळगाव-धुळे मार्गावर हयात गेली. माणूस अबोल. त्यांचा नंबर आला, की ते शेजारी बसलेल्या बायकोला कोपर लावायचे आणि म्हणायचे, "तू ले." मग सुलोचनाअक्का दोघांच्या वतीने प्रार्थना करायच्या. छोटी, स्वच्छ, कामापुरती. घरीही तेच. जेवणाआधी अक्का, निजताना अक्का. भाऊ ड्यूटीवर निघाले की दारात उभं राहून अक्का.

पाळकसाहेबांनी एकदा टोकलं, "भाऊ, किती दिवस दुसऱ्याच्या तिकिटावर प्रवास करणार?"

भाऊ म्हणाले, "साहेब, ड्रायव्हरला तिकीट नसतं."

पाळकसाहेबांनी पदवीत हा भाग शिकलेला नव्हता. नंबर पुढे सरकला.

*

मग अक्कांच्या पोटात गाठ निघाली. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, काढावी लागेल, काढल्यावरच कळेल कसली आहे ते.

त्या बुधवारी प्रार्थना भाऊंच्याच घरी होती. कोपर लागलं, "तू ले" झालं, पण अक्कांनी डोळे मिटले नाहीत. आम्हा सगळ्यांकडे बघत म्हणाल्या, "ऑपरेशनच्या दिवशी मी प्रार्थना करणार नाही. यांनी करायची. मोठ्याने, मला ऐकू येईल अशी."

"माले येत नही," भाऊ म्हणाले. घाबरले की त्यांची अहिराणी बाहेर यायची.

"म्हणून तर सांगते. उद्या मी नसले, तर या घरात देवाशी बोलणार कोण?"

भाऊ चपला शोधू लागले. स्वतःच्याच घरी होते, हे नंतर त्यांच्या लक्षात आलं.

*

आता भाऊंना तयार करण्याची जबाबदारी सगळ्या मंडळीने घेतली. जिथं सगळे जबाबदारी घेतात तिथं काय होतं, हे मी कचेरीत पाहिलेलं आहे.

गुरुजींनी शिकवणी लावली. म्हणाले, "प्रार्थनेचे चार भाग. स्तुती, पापांची कबुली, उपकारस्मरण, विनंती. चला, स्तुतीपासून."

भाऊंनी डोळे मिटले. कपाळावर घाम आला. पाच मिनिटांनी डोळे उघडून म्हणाले, "गुरुजी, गाडी पहिल्या गिअरमध्येच बंद पडते."

मार्थाबाई म्हणाल्या, "अहो, सोपं आहे. देवाला आपलं माणूस समजा. इतकी वर्षं गाडीत पाठीमागे माणसं बसायची, त्यांच्याशी काय बोलायचात?"

"काहीच नाही."

"असं कसं?"

"डोक्यावर पाटी होती ना, चालकाशी बोलू नये!"

*

घरीही सराव चालू होता. जेवणाआधीची प्रार्थना अक्कांनी बंदच करून टाकली. म्हणाल्या, तुम्ही कराल तेव्हाच जेवायचं.

पहिल्या दिवशी ताटात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याची भाजी. दोघांनी हात जोडले. भाऊ म्हणाले, "प्रभू..." आणि थांबले. अक्का थांबल्या. शेजारच्या घरातली मालिका सुरू होऊन संपली. भाऊंच्या ओठांची हालचाल चालू, आवाज नाही.

"प्रभू..." ते पुन्हा म्हणाले आणि एकदम धीर करून, "प्रभू, भाजी थंडी व्हयी गयी!"

अक्कांनी भाकरी मोडली. आम्हाला सांगताना म्हणाल्या, "काही का असेना, देवापुढे खोटं बोलले नाहीत."

*

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही सकाळच्या एसटीने धुळ्याला गेलो. पाळकसाहेब, गुरुजी, मार्थाबाई आणि मी. रूबेनभाऊ अक्कांबरोबर आदल्या दिवशीच तिथं गेले होते. दाढी केलेली, अंगात पांढरा शर्ट, वरचं बटणही लावलेलं. चेहरा मात्र घाटात ब्रेक गेल्यासारखा.

वाटेत गुरुजी आम्हाला म्हणाले होते, "त्यांना जमलं नाही तर मी आहेच."

पाळकसाहेब म्हणाले, "गुरुजी, आज तुम्ही नाही आहात."

थिएटरच्या दाराशी स्ट्रेचर थांबलं. अक्कांच्या अंगावर हिरवं कापड, डोक्याला टोपी. बांगड्या काढलेले हात लहान मुलीचे असावेत तसे दिसत होते. नर्स म्हणाली, "लवकर हं, डॉक्टर आत आहेत."

अक्का म्हणाल्या, "हं. करा."

आम्ही डोळे मिटले. खरं सांगायचं तर मी एक डोळा किंचित उघडा ठेवला, नोकरीतली सवय. भाऊंनी अक्कांच्या कपाळावर हात ठेवला. गुरुजींचे ओठ स्तुतीसाठी शिवशिवत होते. मार्थाबाईंनी त्यांचं मनगट धरून ठेवलं, नाडी बघतात तसं.

मग भाऊंचा आवाज आला. जाड, अनोळखी.

"देवबाप, मी रूबेन. शिंदखेडावाला. आजपावत हाईच तुन्हासंगे बोले. आते हाई आत जाई राहिनी. मन्ही शे ही. जशी नेस तशी परत आन." माझी आहे ही, नेतोस तशी परत आण, एवढंच.

आणि थांबले.

आम्ही आमेनची वाट पाहत उभे. आमेन काही येईना. नर्सने स्ट्रेचर ढकललं, अक्का आत गेल्या, दार बंद झालं. तरी भाऊंचे डोळे मिटलेले, हात हवेत तसाच, कपाळ होतं तिथं.

गुरुजी हळूच म्हणाले, "भाऊ, आमेन राहिलं."

"राह्यनं नही," भाऊ डोळे न उघडता म्हणाले. "ते तिनं म्हनानं शे. परत ई तव्हय."

आता आली का पंचाईत! प्रार्थना तर सुरू, आमेन अक्कांबरोबर थिएटरच्या आत. उभ्याने सुरू केलेली प्रार्थना, मध्ये बसायचं कसं? शेजारी बाक रिकामा होता. चहावाला येऊन गेला, त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. गुरुजींचे गुडघे वाजत होते, पण ज्याने दोन पिढ्यांना पट्टी दिली तो पहिला कसा बसणार? पाळकसाहेबांनी भिंतीला खांदा टेकला आणि लगेच काढून घेतला.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक टोपीवाले आबा बसले होते. शेतकरी. त्यांचंही कुणी आत होतं. बराच वेळ आमच्याकडे पाहून त्यांनी मला विचारलं, "काय चालू शे, भाऊ?"

"प्रार्थना," मी पुटपुटलो.

"कव्हय संपी?"

"आत ठरेल."

आबांनी थोडा विचार केला. टोपी काढून काखेत धरली आणि आमच्या रांगेत येऊन उभे राहिले.

पुष्कळ वेळाने डॉक्टर बाहेर आले. समोर मिटलेल्या डोळ्यांची रांग बघून ते दचकले. म्हणाले, "गाठ पूर्ण निघाली. तपासणीला पाठवली आहे, पण बघून तरी साधीच वाटते. अहो, ऐकताय ना?"

भाऊ हलले नाहीत. डॉक्टर मार्थाबाईंना म्हणाले, "यांना ऐकू येत नाही का?"

मार्थाबाईंनी मान हलवली. हो की नाही, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग दार उघडलं आणि स्ट्रेचर आलं. अक्कांचा चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले. चाकांचा आवाज ऐकून भाऊंनी हात पुढे केला आणि चाचपत कपाळावर ठेवला. खाली वाकून म्हणाले, "सुलोचना. म्हन."

अक्कांनी पापण्या उचलल्या. त्यांना आधी नवरा दिसला, मग आम्ही सगळे ताटकळलेले, मग टोपी काखेत धरलेले कुणी अनोळखी आबा. त्यांनी ओठ हलवले. आवाज जेमतेम निघाला.

"बठ्ठा जन उभा का बरं? बसा ना."

रूबेनभाऊंनी डोळे उघडले आणि जिथं होते तिथंच, फरशीवर बसले.

गुरुजी पाळकसाहेबांकडे वळून कुजबुजले, "साहेब, हे आमेन धरायचं का?"

पाळकसाहेब आधीच बसले होते.