घरी शिकणाऱ्या मुलांचा हजेरीपट

आमच्या पुरानी बस्तीतल्या घरात दर रविवारी शाळेविरुद्ध सभा भरायची. सभा म्हणजे शाळा सोडून घरी शिकणारी दहावीची सहा मुलं, त्यांचे आईबाप आणि माझं भाषण. मुलांना सोबत मिळावी, बाहेरचं जग दिसावं, म्हणून हा गट मीच काढला होता. पोहे बायकोचे, विचार माझे. पोहे संपायचे.

मुलांना आम्ही अभनपूरच्या बाजारात नेलं, एका वकिलाकडे महिनाभर बसवलं. उरला इथल्या रोलिंग मिलमध्ये लालभडक सळई निघताना दाखवली. ती परवानगी तिथेच राहून मिलमध्ये पाळीत काम करणाऱ्या, गटातल्याच एका बापानं मिळवली होती. त्याचं कुटुंब गोंदियाकडचं. माझं भाषण ऐकून त्यांनी मुलीला शाळेतून काढलं. तिची आई दर वेळी विचारायची, "भाऊजी, पुढं अडचण तर नाही न येणार?"

"हिंमत लागते, वहिनी," मी म्हणायचो.

माझ्या मुलीचं नाव मात्र गावाबाहेरच्या एका शाळेत घातलेलं होतं. डमी अॅडमिशन. जायचं नाही, नुसतं पटावर राहायचं. हे मी बायकोला उशिरा सांगितलं. मुलीला नाहीच.

दहावीच्या फॉर्मवर सही तिचीच लागते, म्हणून तिला न्यावं लागलं. रस्ताभर मी समजावत राहिलो. शाळेच्या बाबूंनी हजेरीपट उघडला. "बिटिया बहुत रेगुलर है, सर. एक दिन नागा नहीं."

ती पट वाचता वाचता हसायला लागली. "बाबा, ये देखो." आमच्या गटातली पाच मुलं एकाखाली एक, सगळी हजर. ज्या बापानं मागच्याच रविवारी शाळेला तुरुंग म्हटलं होतं, त्याचा मुलगा मॉनिटर होता.

मग तिचं हसू थांबलं. "और उरलावाली?"

"तिचं नाही."

"मतलब सच में घर पे वो अकेली पढ़ रही है?" तिनं पेन खाली ठेवलं. "पहले उनको बताओ."

रविवारी मी सगळ्यांसमोर माझ्या मुलीचं नाव पटावर असल्याचं सांगितलं. मग मॉनिटरचा बाप म्हणाला, "अरे भैया, आप भी! पहले बोलते, एक ही गाड़ी में चलते." हशा पिकला. गट काढल्यापासून आम्ही एकमेकांना इतके जवळचे कधी वाटलो नव्हतो.

वहिनी हसल्या नाहीत. "भाऊजी, मले काहून नाही सांगितलं?"

उत्तर मला ठाऊक होतं. माझं भाषण खरं मानणाऱ्या त्या एकट्याच होत्या, आणि ते मला सोडवत नव्हतं. तोंडून निघालं ते वेगळंच : "ओपन स्कूलमधून दहावीचा फॉर्म अजून भरता येतो."

"हव. पण एकटीच बसन न ती?"

"नहीं आंटी," माझी मुलगी म्हणाली. "बाबा, मेरा नाम कटवा दो."

बाकीचे आईबाप एकदम मला समजावायला लागले, पोरीच्या भविष्याशी खेळू नका म्हणून. मला ते पटतही होतं. सोमवारी वाटेत दोनदा गाडी परत वळवली, हेही सांगून टाकतो. पण गेलो.

बाबूंनी नाव काढण्याचा अर्ज पुढे सरकवला. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं : घरी शिकते.

त्यांनी वाचलं आणि अर्ज परत केला. "वो तो सब घर पे ही पढ़ते हैं, सर. असली कारण लिखिए."