जाळं कुरतडायचं नाही

देवबागच्या शाळेत माझ्याकडे पहिलीचा वर्ग होता. त्या वर्षी एक मुलगी आली, ती शाळेत बोलायचीच नाही. हजेरीला नुसती मान हलवायची. तिची आई म्हणाली होती, "बाईनु, घरात लय बडबडता. भायर इला काय तोंड मिटता." मी म्हटलं, "असू दे. बोलेल तेव्हा बोलेल." पण तिचा तो गप्प चेहरा घरी गेल्यावरही डोळ्यांपुढे यायचा.

ही मुलं घरी मालवणी बोलणारी. पुस्तकातली मराठी त्यांना जरा परकीच. म्हणून नवे शब्द मी प्राण्यांच्या गोष्टींतून द्यायची आणि मुलं ते करून दाखवायची. त्या दिवशी सिंह आणि उंदराची गोष्ट होती. 'आयाळ' म्हटल्यावर सगळ्यांनी केस विस्कटून घेतले. 'गर्जना' झाली तेव्हा शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या. मग एका मुलाला सिंह करून खाली बसवलं, किनाऱ्यावरून आणलेला जुन्या जाळ्याचा तुकडा त्याच्यावर टाकला आणि उंदीर झालेल्या मुलीला म्हटलं, "आता जाळं कुरतड. कुरतडणं म्हणजे दातांनी बारीक बारीक तोडणं."

तिनं दात पुढे काढले, तोच कोपऱ्यातून आवाज आला.

"कुरतडू नको गो!"

ती गप्प मुलगी उभी होती.  "आज्याक आता सुई दिसना नाय. मगे जाळा कोण शिवतलो?"

 कुणीतरी ओरडलं, "बाईनु, ता बोलला!"

मला तिला बुजवायचं नव्हतं. काही विशेष घडलंच नाही अशा सुरात मी विचारलं, "मग सिंहाला सोडवायचं कसं?"

ती पुढे आली. जाळ्याची कड दोन्ही हातांनी वर धरून सिंहाला म्हणाली, "हयसून भायर ये. हळू." सिंह रांगत बाहेर आला. फळ्यावर 'कुरतडणे'च्या खाली मी 'अलगद' लिहिलं. अलगद म्हणजे कसं, ते तिनं पुन्हा करून दाखवलं. मग प्रत्येकालाच सिंह व्हायचं होतं, आणि सोडवायला तीच हवी होती.

शाळा सुटल्यावर मी तिच्या आईला सगळं सांगितलं.

"काय बोलला? परत सांगा बघू."

मी परत सांगितलं.  आजोबांचं ऐकल्यावर एवढ्या वाढलेल्या लेकीला तिनं कडेवर उचललं. "ह्या मनात घेवन बसला होता? आज्याचे डोळे डॉक्टराक दाखवया हां, बाय."

मुलीनं मान हलवली आणि लगेच आईला सिंहाची गोष्ट सांगायला लागली. दोघी माडांमागे दिसेनाशा झाल्या, तरी तिचा आवाज येत राहिला.