पितृपक्षात आलेली राखीव डिस्क

"हा गेला तर कोण?"

कुठल्याही यंत्राकडे बोट करून ताई आधी हेच विचारायच्या. पहिल्यांदा आमच्या परळच्या स्कॅन सेंटरमध्ये आल्या तेव्हा सर्व्हर पाहिला, एसी पाहिला आणि मग माझ्याकडे बोट करून तेच विचारलं. मी तिथला मॅनेजर. हा प्रश्न मला घरच्यांनीसुद्धा कधी विचारला नव्हता.

ताई म्हणजे आमच्या कॉम्प्युटरवाल्या बाई. डिलाईल रोडच्या चाळीत वाढलेल्या, पन्नाशीच्या, अंगाने दणकट. नवरा स्कूटरवरून गेटपाशी सोडून जायचा. सर्व्हरच्या खोलीत शिरताना त्या चपला बाहेर काढायच्या. "भक्ती म्हणून का?" मी विचारलं, तर म्हणाल्या, "छे ओ, धूळ."

आमच्या सर्व्हरमध्ये चार डिस्क आणि त्यांवर पेशंटांचे सगळे जुने स्कॅन. एक डिस्क गेली तर बाकीच्या निभावून नेतात. पण तिची जागा भरायच्या आत दुसरी गेली की सगळंच गेलं. आता नवा स्कॅन कधीही काढता येतो हो, पण सहा महिन्यांपूर्वीच्या गाठीचा पुन्हा कसा काढणार? ती केवढी होती ते कळलं नाही, तर औषध लागू पडतंय की नाही हे डॉक्टर कशावरून सांगणार? म्हणून ताईंना पाचवी डिस्क हवी होती. मशीनमध्ये नुसती बसून राहणारी, आणि एखादी गेली की कुणी न सांगता कामाला लागणारी.

मालक-डॉक्टरांच्या मागे लागून लागून त्यांनी ती मागवून घेतली. आणि ती आली नेमकी पितृपक्षात.

"आता नको," डॉक्टर म्हणाले. "नवीन वस्तू आहे. घटस्थापनेला बसवू." परदेशात शिकून आलेला माणूस, पण आईच्या शिस्तीतला. डिस्कचा खोका त्यांनी ऑफिसच्या देव्हाऱ्यात ठेवला.

"डॉक्टर, पितर काय डिस्क मोजायला येणारेत?"

"ताई, पंधरवड्याचा तर प्रश्न आहे."

खरं सांगायचं तर मलाही ताईंची घाई कळेना. डिस्क इथेच आहे, गेली एखादी तर खोका उघडून लावू, असं मी त्यांना म्हटलं.

ताई जिन्यावर टेकल्या. तरुणपणी त्या मंडळाच्या कबड्डी संघात राखीव खेळाडू होत्या म्हणे. "एका फायनलला मला वाटलं, आपल्याला कोण घेतंय. म्हणून पाणी भरायला घरी गेले. घर मैदानासमोरच. इकडे आमच्या चढाईवालीचा गुडघा फिरला. पोरींनी हाका मारल्या, मी तशीच धावले, पण पोचेपर्यंत शेवटची शिट्टी झाली होती." हे त्यांनी हसत सांगितलं, पण इतक्या वर्षांनंतरही त्यांना ते लागलेलं दिसत होतं. "राखीव माणूस मैदानाच्या कडेलाच बसलेला पाहिजे ओ. समोरच्या घरात असून उपयोग नाही."

डॉक्टर रोज सकाळी देवांबरोबर त्या खोक्यालाही फूल वाहू लागले.

एका सोमवारी आलो तर सर्व्हरवर नारिंगी दिवा. म्हणजे काहीतरी बिघडलं होतं. ताईंना बोलावलं. त्यांनी स्क्रीन वाचली आणि शांतपणे म्हणाल्या, "शनिवारी तुम्ही कुलूप लावल्यावर एक गेलीय. काल दिवसभरात पाचवीने तिची जागा घेतली."

"पाचवी? ती तर देव्हाऱ्यात आहे," मी म्हणालो.

डॉक्टरांनी खोका उघडला. आत रुमालात गुंडाळलेली एक सुपारी. पूजेला जो हजर नसतो त्याच्या नावाने आपण मांडतो ना, तशी. डिस्क आली त्याच दिवशी ताईंनी ती मशीनमध्ये बसवून टाकली होती.

"ताई, हे बरोबर नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

"नाहीच. पण रागवा उद्या. आता राखीव कोणी उरलं नाही, आधी दुसरी मागवा."

आणि त्याच दुपारी आणखी एक डिस्क गेली. चारही एकदमच घेतलेल्या, एकाच वयाच्या. पण पाचवी जागेवर बसलेली होती, त्यामुळे एकही स्कॅन हरवला नाही.

तेव्हा बाहेर संगमेश्वरकडच्या एक काकू नवऱ्यासोबत बसल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांचा मागचा आणि आजचा स्कॅन शेजारी शेजारी लावून बराच वेळ पाहिला. "गाठ निम्मी झालीय," त्यांना आत बोलावून ते म्हणाले. काकूंना रडू आवरेना. डॉक्टर उठून बाहेर गेले आणि ताईंशी काहीतरी हळू बोलले. काय, ते दोघांनीही मला कधी सांगितलं नाही. मी पडलो चौकस माणूस, मला अजून चुटपुट आहे.

गेल्या वैशाखात ताई गेल्या. तापाचं निमित्त झालं. आता एका कंपनीकडून माणूस येतो, दर वेळी वेगळा. काम नीट होतं, तक्रार नाही. पण मला ताईंची फार आठवण येते, आणि ती काही बिघडल्यावरच येते असं नाही.

यंदा पितृपक्षात राखीव डिस्क बदलायची वेळ आली. कंपनीच्या माणसाला कुणीतरी आधीच सांगून ठेवलं असावं. "पंधरवडा चालू आहे," तो डॉक्टरांना म्हणाला, "घटस्थापनेला येऊ का?"

डॉक्टरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. नवमी होती. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांचं श्राद्ध त्या दिवशी करतात.

"आजच बसव," डॉक्टर म्हणाले. "आज आमच्या ताईंची तिथी आहे."