मामांचं सागवान

मामा कुलूप लावत, ते हिसडून बघत, मग मामीला हिसडायला लावत. मामीनं हिसडलं की पुन्हा स्वतः बघत. "तुह्या हातानं सैल झालं असंन," म्हणत. सेलूच्या शाळेत मला नोकरी लागली आणि मी त्यांच्याकडे राहायला गेले, तेव्हा नागपूरकडचा आमचा भाग अजून मध्य प्रदेश राज्यात होता. माझी पेटी त्यांनी दारातच उघडवली. भाचीवर संशय नव्हता. "मोटारीत कोनं काई टाकलं असंन तर?" एवढंच.

जगात त्यांचा विश्वास फक्त शेजारच्या किसनरावांवर. त्यांच्याकडचा चहा मामा न हुंगता पीत.

नागपुरात एका वकिलाच्या बैठकीत मामांनी भिंतीला कमरेएवढ्या उंचीपर्यंत लावलेल्या सागवानी फळ्या पाहिल्या आणि त्या त्यांच्या मनात भरल्या. पण सुतार भलतंच लाकूड गळ्यात मारील, रंगारी तेलात भेसळ करील. म्हणून भिंतीवर रंगानंच फळ्या काढायचं त्यांनी ठरवलं. जवसाचं तेल स्वतःसमोर घाण्यावर काढून आणलं. आधी पिवळ्या रंगाचा एक हात, त्यावर गेरू आणि काजळीचा तपकिरी. तो ओला असताना त्यातून फणी ओढायची, की लाकडाच्या रेघा उमटत. गाठी चिंधीच्या टोकानं. एखादी रेघ कलली की मामा अख्खी फळी पुसून टाकत. दार कायम बंद. आपलं कसब कुणी उचलेल, ही धास्ती. काम झाल्यावर पाहायला बोलावलं ते एकट्या किसनरावांना.

काही दिवसांनी जंगल खात्याचा नाकेदार दारात उभा राहिला. "तुमच्या घरात चोरीचं सागवान लागलं, अशी खबर आहे."

त्यानं फळी ठोकली. आवाज मातीचा आला. खिळ्यानं खरवडली, खाली चुना निघाला. हसू दाबत तो निघून गेला. मामा मात्र त्या पांढऱ्या ओरखड्यासमोर बसून राहिले.

"खबर कोनं देल्ली?"

संध्याकाळी किसनराव नेहमीसारखे आले. मामा उंबऱ्यातच आडवे आले. "पाह्यलं होतं तूच. सांगतलं बी तूच."

"भाऊ, म्या काऊन सांगू?"

मामांनी दार लावून घेतलं. त्यानंतर दोन्ही घरांतलं बोलणं तुटलं. किसनरावांच्या मुलीचं लग्न ठरलं, आमंत्रणाच्या अक्षता आल्या, त्याही मामांनी परत पाठवल्या. ते पाहून मामी चुलीपासून उठून आली.

"अजी, म्या सांगतलं. बाजारात, बायाईले. आपल्या बैठकीत सागवान लागलं म्हनून. जरा मोठेपना मिरवावा वाटला."

मामांनी विचारलं, "मंग इतके दिवस काऊन नाई बोलली?"

"तुमचा मह्यावर कधी भरोसा होता का? खरं सांगतलं असतं, तरी किसनभाऊनंच शिकवलं म्हनले असते."

मामांनी जेवण टाकलं. रंगाचे डबे आणि फणी उचलून ते शेजारी गेले. मामीनं मला खुणेनं मागोमाग पाठवलं.

किसनराव अंगणात मांडवाच्या बल्ल्या रोवत होते. मामा म्हणाले, "लग्नाचं घर हाय. बैठक रंगवून देतो." माफीचा शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही.

किसनराव बल्लीला टेकले. "अन् उद्या पुना काई झालं तर?"

"तर तुले इचारीन," मामा म्हणाले. "आधी इचारीन."

किसनरावांनी हात धोतराला पुसला आणि फणी मागून घेतली. बैठकीत मामांनी रंगवलेल्या ओल्या फळीवर त्यांनी ओढलेल्या रेघा पाण्यात हलणाऱ्या सावलीसारख्या वेड्यावाकड्या आल्या. मी मामांकडे पाहिलं. ते पुढची फळी रंगवत होते.

मामा गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी किसनरावांना भेटायला गेले. त्यांना नीटसं दिसत नव्हतं. भिंतीचा रंग जागोजागी उडाला होता. तरी चाचपत त्यांनी ती फळी शोधली आणि माझं बोट तिच्यावर ठेवलं.

"हे महं हाय, बाई. भाऊनं पुसलं नाई."